पावती फाडायला नको, पगारवाढ मात्र पायजे

शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आमचा एक दोस्त आहे, युनियनची पावती फाडायची वेळ आली की गडी हमखास चहाला गायब, पण करार होऊन पगार वाढला की पहिला पेढा ह्याच्याच तोंडात. अमेरिकेतल्या काही राज्यांत असल्यांसाठी कायदाच आहे भावा, राईट टू वर्क! युनियनला पैसे दिले नाहीत म्हणून नोकरी जाणार नाही. १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्यानं राज्यांना असा कायदा करायची मुभा दिली, मिशिगन राज्यानं २०१२ ला तो केला आणि २०२३ ला रद्द करायचं ठरवलं. गंमत म्हणजे फुकट्याची बाजूपण युनियननंच मांडायची. आपल्याकडं २०२५ पर्यंत १९२६ चा ट्रेड युनियन कायदा होता, पण त्यात मेंबर व्हायची सक्ती नव्हती. सक्ती नको हे मलापण पटतंय, पण निदान कराराच्या वर्षी तरी खिशात हात घाल की लेका.