चर उघडा असतो तोवर : आमची वाटचाल

आमच्या व्यवसायाची सुरुवात पाइप जोडण्यापासून झाली. विहिरीपासून घरापर्यंत आणि टाकीपासून गोठ्यापर्यंत पाणी पोहोचवण्याची कामे आम्ही दोघे भाऊ घेत असू; विजेचे काम दुसरे कोणीतरी करून जाई. शेतजमिनीवर अंतरे मोठी असतात, पाणी आणि वीज बहुधा एकाच दिशेने न्यायची असते, आणि दोन माणसांनी एकमेकांना न विचारता दोन चर खणले की काही वर्षांनी कोणाची लाइन कोठून गेली आहे हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून एक परवानाधारक वायरमन आमच्याबरोबर कायमचा आला आणि दोन्ही कामे आम्ही एकत्र घेऊ लागलो.

पहिली मोठी चूक विजेच्या बाबतीत झाली. पंप २०० मीटर दूर होता, त्याचा प्रवाह सुमारे १० अँपिअर, आणि आम्ही ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल टाकली. केबलची क्षमता पाहिली, लांबी पाहिली नाही. जाण्यायेण्याची मिळून ४०० मीटर तार होते, तिचा रोध सुमारे १.७ ओहम, म्हणजे २३० व्होल्टपैकी १७ व्होल्ट वाटेतच खर्ची पडत होते. त्यातच मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते, आणि नेमक्या त्याच क्षणी तिला विजेचा दाब (व्होल्टेज) सर्वांत कमी मिळतो. मोटर नुसती गुणगुणत राही आणि तापे. १० चौरस मिलिमीटरची केबल घेतली असती तर चालू मोटरला ही घट ७ व्होल्टच्या आत राहिली असती. ती केबल आम्ही स्वखर्चाने उकरून बदलली आणि तेव्हापासून अंतर मोजल्याशिवाय केबलचा आकार सांगत नाही.

पाण्याच्या पाइपचेही तसेच आहे. तेवढेच पाणी अर्ध्या व्यासाच्या पाइपमधून नेले, तर घर्षणाने होणारा तोटा जवळजवळ तीस पट होतो. लांब लाइनवर पाइप एका मापाने मोठा घ्या, असे आम्ही आग्रहाने सांगतो ते यासाठी.

एचडीपीई, म्हणजे लवचीक प्लास्टिकच्या पाइपने शिकवलेली गोष्ट वेगळी आहे. भर उन्हात अंथरलेला १०० मीटर पाइप जमिनीत गेल्यावर २० अंशांनी थंड झाला, तर तो एक फुटाहून अधिक आखडू पाहतो आणि टोकाचा जॉइंट ओढला जातो. आता आम्ही पाइप चरात किंचित नागमोडी टाकतो, त्यावर मातीचा पातळ थर देतो आणि शेवटची जोडणी तो थंड झाल्यावर, बहुतेक वेळा सकाळी, करतो. चढाच्या माथ्यावर अडकलेली हवा सोडणारा एअर व्हॉल्व्ह आणि सखल जागी गाळ काढून टाकायचा वॉशआउट बसवतो.

नांगर २० ते ३० सेंटिमीटर खोल जातो, पण खोल नांगरटीची अवजारे त्याच्याही खाली पोहोचतात. त्यामुळे पाऊण मीटरपेक्षा कमी खोलीवर आम्ही काहीच टाकत नाही, आणि गाडीवाटेखाली केबल जाड पाइपातूनच नेतो. पाणी आणि केबल एकाच चरात असली, तर केबलसाठी बाजूला पायरी ठेवून दोघांमध्ये किमान ३० सेंटिमीटर अंतर राखतो. स्थानिक नियम अधिक अंतर मागत असेल तर तेवढे ठेवतो. केबलच्या खालीवर चाळलेली वाळू असते. पाण्याच्या लाइनची चाचणी कामाच्या दाबाच्या दीडपट दाबावर, सर्व जॉइंट उघडे ठेवून होते. मेगरने, म्हणजे आवरणातून वीज गळते का हे दाखवणाऱ्या यंत्राने, केबलची तपासणी मात्र दोनदा होते, एकदा चर बुजवण्यापूर्वी आणि एकदा पहिला थर पडल्यावर, कारण केबलचे आवरण बहुतेक वेळा बुजवताना पडलेल्या दगडानेच फाटते.

यानंतरही मला सर्वांत जास्त सलते ती चूक हिशेबाची नव्हती. आमच्याच जुन्या कामाजवळ नवी लाइन टाकायला आम्ही पुन्हा गेलो, आणि खणताना आम्हीच पुरलेली केबल आमच्याच हाताने तुटली. पुरवठा बंद असल्याने कोणाला इजा झाली नाही, पण मार्ग ज्याच्या डोक्यात होता तो भाऊ त्या दिवशी दुसऱ्या कामावर होता, आणि कागदावर काहीच नव्हते.

त्या दिवसापासून नकाशा हा कामाचा भाग झाला. प्रत्येक वळण आणि प्रत्येक जॉइंट न हलणाऱ्या दोन खुणांपासून, म्हणजे घराचा कोपरा आणि विहिरीचा कठडा अशा जागांपासून, मोजून नोंदवतो, म्हणजे दोन फिती ताणल्या की नेमकी जागा सापडते. उघड्या चरात मोजपट्टी ठेवून फोटो काढतो. प्लास्टिकचा पाइप जमिनीखालच्या लाइन शोधणाऱ्या यंत्राला सापडत नाही, म्हणून त्याच्यासोबत इन्सुलेशन असलेली तांब्याची बारीक तार सोडतो; केबलच्या वर ३० सेंटिमीटरवर इशारापट्टी आणि वळणांवर खुणेचे दगड बसवतो. नकाशाची एक प्रत आमच्याकडे राहते आणि दुसरी प्लास्टिकच्या पाकिटात घालून वीज-पॅनलच्या दाराला आतून चिकटवतो, म्हणजे जमीन दुसऱ्याच्या हाती गेली तरी तो कागद जागेवरच असतो.