नाव पाकिटावर नको, ओळख मजकुरात नको

गोव्यात सरकारी खात्यातला घोटाळा कोणी बाहेर काढला की पहिली चौकशी त्या माणसाचीच होते. तो कोणालो, म्हणजे कोणाचा माणूस? बढती हुकली होती का? पंचायतीला उभा राहणार का? कागदात काय होतं, इथवर बोलणं क्वचितच पोचतं. खरं तर खोटं बिल रागावलेल्या माणसाने दाखवलं म्हणून खरं होत नाही.

म्हणून आधी नाव वाचवायचं. केंद्र सरकारच्या २००४ च्या ठरावाने, म्हणजे 'पीआयडीपीआय'ने (जनहितासाठी माहिती उघड करणं आणि ती देणाऱ्याचं संरक्षण), ती सोय केली आहे. त्यामागे महामार्ग प्राधिकरणातले अभियंता सत्येंद्र दुबे यांचं प्रकरण आहे. महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार त्यांनी पंतप्रधान कार्यालयाला कळवला, नाव गुप्त ठेवायची विनंतीही केली. पत्र नावासकट फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्यांची हत्या झाली.

तक्रार केंद्रीय दक्षता आयोगाच्या सचिवांच्या नावे, बंद पाकिटात, पोस्टाने दिल्लीला जाते. पाकिटावर 'पीआयडीपीआय' असं ठळक लिहायचं. पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता बाहेर नाही, फक्त आत. निनावी तक्रार घेत नाहीत. ईमेल नको, मंत्र्याला किंवा पत्रकाराला प्रतही नको. तक्रार तुमचीच का, हे विचारणारं पत्र आयोगाकडून येतं. त्याला उत्तर दिलं नाही तर प्रकरण अडू शकतं.

पाकीट बिनचूक असूनही माणूस ओळखला जातो, तो मजकुरामुळे. 'मी फाइलवर आक्षेप नोंदवला होता' एवढं एक वाक्य पुरे. ज्या टिपणीची प्रत दोघांनाच गेली, तिचा फोटो जोडला की संशयित दोनच उरतात. माहिती अधिकारात स्वतःच्या नावाने मिळवलेलं उत्तर जोडणं म्हणजे सहीच करणं. आपल्याकडच्या तालुका कार्यालयात कोणती फाइल कोणाच्या टेबलावर होती हे शिपायालाही ठाऊक असतं. तेव्हा निविदा क्रमांक, तारीख, रक्कम, मोजमाप वहीचं (झालेल्या कामाची मापं नोंदवतात त्या सरकारी वहीचं) पान एवढंच लिहावं. 'मी' हा शब्द टाळावा.

मोठी मेख पुढे आहे. हा ठराव केंद्राच्या खात्यांना, उपक्रमांना, सरकारी बँकांना लागू. मुरगाव बंदर किंवा गोवा शिपयार्ड त्यात येतात. राज्याचं बांधकाम खातं, पंचायत, पालिका येत नाहीत. राज्यांनाही कवेत घेणारा २०१४ चा कायदा संसदेने केला, पण अंमलात आणलाच नाही. मग राज्याच्या खात्यांविरुद्ध उरतं पणजीत आल्तिनोवरचं राज्याचं दक्षता खातं आणि लोकायुक्त. लोकायुक्त शिफारस करतात, पुढचं सरकारच्या मर्जीवर. गोव्याचे लोकायुक्त न्यायमूर्ती प्रफुल्लकुमार मिश्रा २०२० मध्ये निवृत्त झाले तेव्हा आपल्या २१ अहवालांपैकी एकावरही सरकारने कारवाई केली नाही, असं त्यांनी उघड सांगितलं होतं. त्यावर चर्चा झाली ती बरीचशी त्यांच्या स्वभावाची!

ज्यांना आरोप खरा की खोटा हे बघायचं आहे, त्यांनी तक्रारदाराची कुंडली सोडून त्या कामाचा कार्यादेश आणि मोजमाप वही माहिती अधिकारात मागावी. शुल्क १० रुपये, उत्तर ३० दिवसांत यायला हवं. कलम ६(२) प्रमाणे माहिती का हवी, हे सांगावं लागत नाही.