अमेरिकेत कोण जिंकणार? 270 चा हिशेब

अमेरिकेच्या अध्यक्षपदाचा अंदाज बांधायचा असेल, तर देशभरच्या जनमत चाचण्यांतली आघाडी आधी बाजूला ठेवा. 2016 मध्ये हिलरी क्लिंटन यांना ट्रम्प यांच्यापेक्षा 28 लाखांहून जास्त मतं पडली आणि अध्यक्ष झाले ट्रम्प. मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांतली त्यांची आघाडी एकत्र केली तरी 78 हजारांच्या आतच भरते.

अध्यक्ष निवडतात ते राज्याराज्यांचे प्रतिनिधी, म्हणजे इलेक्टर: एकूण 538, बहुमत 270. मेन आणि नेब्रास्का सोडून (तिथे काही इलेक्टर मतदारसंघानुसार मिळतात) बाकी सगळीकडे पहिला येणारा राज्याचे सगळे इलेक्टर घेऊन जातो. म्हणून कॅलिफोर्नियाच्या 54 वर डोकं खपवण्यात अर्थ नाही; तिथे काय होणार हे शेंबडं पोरही सांगेल. कागदावर फक्त चुरशीची राज्यं घ्या. 2024 ची मांडणी अशी होती: सात राज्यं वगळता हॅरिस 226, ट्रम्प 219. उरले 93. पेनसिल्व्हेनिया 19, जॉर्जिया आणि नॉर्थ कॅरोलिना 16-16, मिशिगन 15, ॲरिझोना 11, विस्कॉन्सिन 10, नेव्हाडा 6. यातली उत्तरेकडची तीन (19, 15, 10) हॅरिस यांनी घेतली असती तर बरोबर 270, काठावर पास. त्या 226 मध्ये नेब्रास्कातल्या ओमाहाचा एक इलेक्टर धरलेला आहे. तो हातचा गेला असता तर 269-269. 2028 लाही राज्यांचे आकडे हेच राहणार आहेत.

आता प्रत्येक राज्यातल्या शेवटच्या दोन आठवड्यांच्या चाचण्यांची सरासरी काढा. एकट्या चाचणीवर भाळू नका, मग ती कितीही नावाजलेल्या हाताची असो. 2024 मध्ये आयोवात ॲन सेल्झर यांच्या चाचणीत हॅरिस 3 टक्क्यांनी पुढे होत्या. ट्रम्प तिथे 13 टक्क्यांनी जिंकले. हजार जणांच्या चाचणीत उमेदवाराच्या आकड्यात 3 टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे होणं ठरलेलंच, आणि दोघांमधल्या फरकात ही चूक जवळपास दुप्पट होते. 4 टक्क्यांची आघाडी म्हणूनच फारशी आघाडी नसते.

सरासरीने ही योगायोगाची चूक कमी होते. सगळ्यांनी मिळून केलेली चूक मात्र तशीच राहते. शितावरून भाताची परीक्षा खरी, पण सगळ्यांनी पातेल्याच्या एकाच कडेची शितं उचलली तर? 2016 मध्ये राज्यांतल्या अनेक चाचण्यांचं तसंच झालं. पदवीधर लोक चाचणीवाल्यांना उत्तरं जास्त देतात, आणि शिक्षणानुसार भार लावून, म्हणजे कमी सापडलेल्या गटाच्या उत्तरांना जास्त वजन देऊन, ते दुरुस्त करणं बऱ्याच जणांनी केलंच नव्हतं. 2020 मध्ये हा भार बहुतेकांनी लावला, तरी चाचण्या आणखी चुकल्या. विस्कॉन्सिनमध्ये सरासऱ्या बायडन यांना घसघशीत आघाडी देत होत्या. प्रत्यक्षात ते जिंकले 0.6 टक्क्यांनी.

हौशी लोक हमखास फसतात ते इथून पुढे. तीन राज्यांत प्रत्येकी 60 टक्के शक्यता, म्हणजे तिन्ही जिंकण्याची 0.6 × 0.6 × 0.6, सुमारे 22 टक्के, असा गुणाकार ते करतात. तो चूक आहे. मिशिगनमध्ये अंदाज ज्या बाजूला चुकतो, त्याच बाजूला विस्कॉन्सिनमध्येही चुकण्याची शक्यता मोठी. मतदार सारखे, चाचणीची पद्धतही सारखी. 2016 मध्ये फाइव्हथर्टीएट या निवडणूक-अंदाजांच्या संकेतस्थळाने हे नातं नीट धरलं आणि ट्रम्प यांना 29 टक्के शक्यता दिली. हफिंग्टन पोस्टचं मॉडेल क्लिंटन यांना 98 टक्के देऊन मोकळं झालं.

संगणक नसेल तर दोन रकाने करा. एकात सातही सरासऱ्या 3 टक्क्यांनी एका उमेदवाराकडे सरकवा, दुसऱ्यात तेवढ्याच दुसऱ्याकडे, आणि दोन्हीकडे 270 मोजा. दोन्ही रकान्यांत एकच नाव आलं तरच ते बोला. 2024 मध्ये दोन रकान्यांत दोन वेगळी नावं येत होती. इतिहासकार ॲलन लिक्टमन यांच्या तेरा ‘किल्ल्यांनी’, म्हणजे विजेता ओळखण्याच्या तेरा हो-नाही निकषांनी, हॅरिस यांचं नाव दिलं होतं. त्यांतल्या काही किल्ल्या, उदाहरणार्थ उमेदवाराचा करिष्मा, बघणाऱ्याच्या मर्जीवर फिरतात, त्यामुळे माझा त्यांवर भरवसा नाही.

मतमोजणी बघायची तर पहिली केंद्रं इंडियाना आणि केंटकीत बंद होतात, आपल्याकडे बुधवारी पहाटे साडेचारला. राज्याचा एकूण आकडा तेव्हा फसवा असतो. ज्या काउंटीची (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) मोजणी पूर्ण झाली तिचा गेल्या वेळचा फरक काढा आणि आजच्याशी ताडून बघा. गेल्या वेळी एखादा पक्ष 40 टक्क्यांनी पुढे होता तिथे आज 42 ने असेल, आणि अशा दहा-बारा काउंट्या एकाच दिशेला सरकल्या असतील, तर वारं कळतं. पेनसिल्व्हेनियात टपाली मतांची पाकिटं मतदानाच्या दिवसाआधी उघडता येत नाहीत, म्हणून तिथली घाई नको: 2020 ला मंगळवारी मतदान झालं आणि तिथला निकाल शनिवारी कळला.