तुम्ही विचारलंत म्हणून: मुलाला त्या तासाला बसू द्यावं का?

इंग्लंडमध्ये नव्याने आलेले मराठी आईवडील मला एक प्रश्न हमखास विचारतात. मुलाला सरकारी प्राथमिक शाळेत घातलं की शाळेच्या माहितीत धर्मविषयक शिक्षणाचा तास दिसतो, आणि पालकांना हवं तर मुलाला त्यातून काढून घेता येईल अशी एक ओळही दिसते. मी प्राथमिक शिक्षकांना हा विषय शिकवायचं प्रशिक्षण देते हे कुणाकडून तरी कळतं आणि फोन येतो, "ताई, काढून घेऊ का? मुलांना ख्रिस्ती तर करणार नाहीत ना?"

नाही, करणार नाहीत. आणि काढून घेऊ नका. पण एवढ्यावर तुमचं समाधान होणार नाही, व्हायलाही नको, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हा विषय १९४४च्या शिक्षण कायद्याने सक्तीचा केला आणि मूल काढून घेण्याची मुभाही त्या कायद्यात होती. तेव्हा तो मुख्यतः बायबलचाच तास होता. १९८८च्या कायद्याने सांगितलं की देशाची परंपरा प्रामुख्याने ख्रिस्ती आहे हे धरूनच इतर प्रमुख धर्मांचीही शिकवण आणि आचार मुलांपुढे यायला हवेत. गणित-विज्ञानाचा अभ्यासक्रम देशासाठी एकच ठरतो, याचा मात्र त्या त्या भागात ठरतो. काउन्सिल, म्हणजे इथली स्थानिक पालिका, त्यासाठी जी सभा बोलावते तिच्यात चर्च ऑफ इंग्लंड, इतर पंथ आणि धर्म, शिक्षक संघटना आणि खुद्द काउन्सिल, असे चौघांचे प्रतिनिधी असतात. सकाळची सामूहिक प्रार्थना ही वेगळी बाब, तिच्यातून मूल काढण्याचा हक्कही वेगळा. फोनवर या दोन्हींची नेहमी गल्लत होते. चर्चच्या शाळांचे नियम आणखी निराळे. मी इथे साध्या काउन्सिलच्या शाळांबद्दल बोलते आहे.

मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. तुमच्या घरात जे चालतं ते वर्गात सांगितलेल्या चौकटीत बसत नाही, आणि मूल गप्प बसतं.

सराव-पाठ घेऊन आलेल्या एका विद्यार्थिनीने मला मुलांची चित्रं दाखवली. विषय दिवाळी. राम वनवासातून परत आला, लोकांनी दिवे लावले, ही गोष्ट तिने छान सांगितली होती, मातीच्या पणत्याही करून घेतल्या होत्या. बहुतेक चित्रांत राम, सीता, दिवे. एका मुलाने मात्र डोंगर काढला होता, त्यावर बुरूज, दरवाजा, खाली छोटी माणसं रांगेत. तिने विचारलं, "ही लंका का?" तो म्हणाला, "नाही, हा आमचा किल्ला. आम्ही बाल्कनीत करतो." तुम्हाला वेगळं सांगायला नको. तिला मात्र काहीच उमगेना, पण तिने 'चूक' असा शेरा मारला नाही, चित्र माझ्याकडे आणलं. मग आम्ही बसलो. वसुबारसेपासून सुरुवात केली. नरकचतुर्दशीची पहाट, उटणं, पायाखाली फोडलेलं कारीट, पाडव्याला 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणणाऱ्या बाया. बळी म्हणजे ज्याला वामनाने पाताळात घातलं तोच, आणि त्याचंच राज्य परत यावं असं म्हणायचं! तिने विचारलं, "मग किल्ला हा धर्म म्हणायचा का?" किती चांगला प्रश्न. घरात धर्म, इतिहास, सुट्टीची मजा आणि आजीची आठवण एकमेकांत मिसळूनच असतात. हे ज्या शिक्षिकेला दिसलं तिला पुढचं पुष्कळ आपोआप दिसतं.

बौद्ध घरांचं तर याहून अवघड आहे. इथल्या वर्गात बुद्धाची गोष्ट बहुधा अशी येते: राजपुत्र सिद्धार्थाने म्हातारा, आजारी माणूस आणि प्रेत पाहिलं, मग संन्यासी पाहिला आणि राजवाडा सोडला. नागपूरहून आलेल्या घरात बुद्धाशेजारी बाबासाहेबांचा फोटो असतो, आणि बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ही कथा मानलेली नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसाला तोवर म्हातारपण आणि मरण दिसलंच नव्हतं, हे त्यांना पटण्यासारखं नव्हतं. त्यांच्या मांडणीत रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात तंटा होतो, सिद्धार्थ युद्धाला विरोध करतो आणि त्यातून गृहत्याग घडतो. अशा घरातलं आठ वर्षांचं मूल वर्गात पहिली गोष्ट ऐकतं तेव्हा त्याला खोटं न ठरवता दोन्ही गोष्टी फळ्यावर कशा ठेवायच्या, हे शिक्षकाला कुणीतरी शिकवायला हवं. मी तेच शिकवते.

त्यासाठी पहिली सवय लावते ती 'काही', 'पुष्कळ', 'या घरात' असं बोलण्याची. 'हिंदू शाकाहारी असतात' हे वाक्य माझ्या वर्गात पुढे जात नाही. खंडोबाला मटणाचा नैवेद्य दाखवणारी आणि पंढरीची माळ घातलेली माणसं एकाच घरात जेवायला बसतात, हे मी सांगते. दुसरी सवय, मुलाला वर्गात उभं करून 'तुमच्या धर्मात काय करतात' असं न विचारण्याची. नऊ वर्षांच्या पोरावर कोट्यवधी लोकांच्या वतीने बोलायची पाळी का आणावी?

सगळ्यात जास्त वेळ मी शिकाऊ शिक्षकांच्या स्वतःच्या घरांवर घालवते. २०२१च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधल्या ३७.२ टक्के लोकांनी 'कोणताही धर्म नाही' असं नोंदवलं, ख्रिस्ती म्हणवणारे प्रथमच निम्म्याच्या खाली, ४६.२ टक्क्यांवर आले. माझ्या वर्गात धर्म न मानणारे पुष्कळ असतात आणि आपण मानतच नाही म्हणजे आपण तटस्थ, असं त्यांना मनापासून वाटतं. मी लिहायला सांगते: तुमच्या घरी माणूस गेल्यावर काय करतात? बाळाचं नाव कसं ठेवतात? नाताळात कुणाकडे जमता? वाचून दाखवताना त्यांच्या लक्षात येतं की आपणही कुठेतरी उभे आहोत. धर्म न मानणाऱ्यांची दृष्टीही या तासात मानाने यायला हवी, हे २०१५ साली इथल्या उच्च न्यायालयानेही स्पष्ट केलं आहे. 'देव खरंच आहे का, मिस?' या प्रश्नाला उत्तर देण्याचा सराव आम्ही जोड्या करून करतो. 'काय वाटतं, आणि तसं का वाटतं?' इथून सुरुवात करायची, वेगवेगळे लोक काय म्हणतात ते सांगायचं, आणि प्रश्न झटकून टाकायचा नाही.

मला दुःख आहे ते वेळेचं. पदवीनंतरच्या एका वर्षाच्या प्रशिक्षणात वाचन आणि गणित बहुतेक सगळं खाऊन टाकतात. २०१८ साली या विषयावरच्या आयोगाने विषयाचं नाव बदलून 'धर्म आणि जीवनदृष्टी' असं करावं आणि प्रत्येक प्राथमिक शिक्षकाला प्रशिक्षणात याचे किमान १२ तास मिळावेत, अशा शिफारशी केल्या. फक्त १२! तेव्हाच्या सरकारने त्या स्वीकारल्या नाहीत. मुलांना सहा-सहा धर्म शिकवायचे आणि शिक्षकाला त्यासाठी एखादी दुपार द्यायची, हा त्या शिक्षकावरही अन्याय आहे.

दुसऱ्यांचे धर्म शिकून मूल आपल्यापासून तुटेल, ही भीती मी समजू शकते. पण ज्या मातीतून आपण आलो तिथे जोतीराव फुल्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त असं कुटुंब कल्पिलं की आई बौद्ध, वडील ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी, आणि सगळे एकमेकांवर प्रेम करत एकाच घरात नांदताहेत. ते पुस्तक १८९१मध्ये निघालं. तुमच्या मुलाला तर त्या तासात फक्त शेजारच्या बाकावरच्या मित्राचा रोजा समजून घ्यायचा आहे.

म्हणून मुलाला बसू द्या. सत्राच्या सुरुवातीला शिक्षिकेला भेटा, यंदा कोणते धर्म आहेत ते विचारा, आणि तुमच्या घरी काय करता ते दोन ओळींत लिहून द्या. माझ्याकडून शिकून गेलेल्यांना असा कागद हवाच असतो. दिवाळीत तिने वर्गात बोलावलं तर जरूर जा, रांगोळी न्या, किल्ल्याचा फोटो न्या. बोलताना मात्र 'हिंदू असं करतात' म्हणू नका, 'आमच्याकडे असं करतात' म्हणा.