वारस आणि बेवारस

मागच्या महिन्यात आमचे आबा गेले. वय 91, पिकलं पान, त्यामुळं मनाची तयारी सगळ्यांची झालेली होती पण कागदपत्रांची तयारी कुणाचीच नव्हती. स्मशानभूमीत लाकडाची पावती (आठ मण), त्या पावतीवरनं नगरपरिषदेत मृत्यूची नोंद, नोंदीवरनं दाखला, दाखल्यावरनं तलाठी भाऊसाहेबांकडं वारस नोंद, मग फेरफार, आणि मग कधीतरी सातबाऱ्यावर बाबांचं आणि दोन्ही आत्यांचं नाव लागणार. मी पावती घरी विसरलो होतो आणि खिडकीतल्या मॅडम पावती बघितल्याशिवाय ढिम्म हलेनात. जाम डोकं फिरलं. मग तिसऱ्या चकरेला बाकावर बसल्या बसल्या वाटलं, ज्यांच्याकडं ही पावतीच नसते त्यांनी काय करायचं?

आमच्या परभणीकडं ख्वाजा युनूस हे नाव माहीत नसलेला माणूस कमीच. इंजिनियर पोरगा, दुबईला नोकरी. 2 डिसेंबर 2002 ला घाटकोपरला बसमध्ये स्फोट झाला, त्या केसमध्ये त्याच महिन्यात त्याला उचललं. जानेवारी 2003 मध्ये पोलिसांनी सांगितलं की तपासासाठी औरंगाबादला नेत असताना पारनेरजवळ जीपचा अपघात झाला आणि तो पळाला. बरोबर पकडलेल्या एकानं मात्र कोर्टात सांगितलं की कोठडीत त्याला मारताना आणि तो रक्त ओकताना मी बघितलंय. घरचे हायकोर्टात गेले, सीआयडी तपास लागला आणि पळाल्याची गोष्ट बनावट असल्याचं पुढं आलं, पण बॉडी आजपर्यंत मिळालेली नाही. चौदा पोलिसांवर ठपका होता, सरकारनं खटल्याची परवानगी दिली चौघांपुरती. ते चौघं 2020 मध्ये, खटला चालू असतानाच, परत नोकरीत घेतले गेले (त्यातलं सचिन वाझे हे नाव पुढच्याच वर्षी अँटिलिया प्रकरणात, म्हणजे अंबानींच्या घराजवळ स्फोटकांची गाडी सापडली त्यात, सगळ्या चॅनलवर झळकलं, तेव्हा तरी लोकांना जुनी केस आठवली). आणि ज्या स्फोटासाठी त्याला उचललं त्या केसमधले बाकीचे आरोपी 2005 मध्येच निर्दोष सुटलेत.

मला यात सगळ्यात जास्त टोचतो तो एक शब्द, 'फरार'. कारण फरार माणूस कागदावर जिवंत असतो ना. त्याला मृत्यूचा दाखला नाही, त्याची वारस नोंद नाही, जनाजा नाही, उलट तोच कायद्याला चुकवून पळालेला गुन्हेगार आणि त्याची आई म्हणजे गुन्हेगाराची आई. सात वर्षं माणसाचा काही पत्ता नसला तर तो मेला असं धरायची सोय कायद्यात आहे, पण ते सुद्धा आपण कोर्टात जाऊन मागायचं, आणि मागायचं म्हणजे आईनं स्वतःच्या तोंडानं म्हणायचं की हो, गेला माझा पोरगा. काश्मीरमध्ये तर नवरा असा गायब झालेल्या बायकांसाठी अर्धविधवा असा शब्दच पडलाय.

दुसरा शब्द 'बेवारस'. पंजाबीत लावारिस म्हणतात. जसवंतसिंग खालरा हा अमृतसरमधल्या एका बँकेतला माणूस. नव्वदच्या आसपास, खलिस्तानी अतिरेक्यांच्या काळात, पंजाबात पोरं घरातनं उचलली जायची आणि चौकीवर विचारलं की आम्ही आणलंच नाही असं उत्तर मिळायचं. खालरा आपल्याच ओळखीतल्या गायब झालेल्या माणसांना शोधत होता आणि शोधत शोधत पोचला कुठं, तर स्मशानाच्या रजिस्टरपर्यंत. पोलिसांनी प्रेतं बेवारस म्हणून आणून जाळली होती पण सरकारी काम म्हटलं की लाकूड फुकट मिळत नाही, त्याची नोंद करावी लागते, आणि नोंदीत कुणी प्रेत आणलं हेही येतं. माणूस गायब करणाऱ्यांना लाकडाचा हिशोब गायब करायचं सुचलं नाही! जानेवारी 1995 मध्ये त्यानं ही कागदपत्रं पत्रकारांसमोर ठेवली. हायकोर्टात गेला तर तिथं अर्ज फेटाळला गेला, तुमचा काय संबंध म्हणून. आता बेवारसाच्या वतीनं यायला संबंधित माणूस आणायचा कुठनं?

6 सप्टेंबर 1995 ला घरासमोर गाडी धूत असताना खालरालाच उचललं. म्हणजे गायब झालेल्यांची यादी करणारा स्वतः यादीत गेला. त्याची बायको परमजित कौर सुप्रीम कोर्टात गेली आणि कोर्टानं सीबीआय लावली, नवऱ्याच्या अपहरणासाठी पण आणि स्मशानातल्या नोंदींसाठी पण. अमृतसर, पट्टी आणि तरणतारण, तीनच ठिकाणचा तपास, त्यात 2097 प्रेतं निघाली. 585 जणांची पूर्ण ओळख पटली, 274 जणांची अर्धवट, 1238 जणांची नाहीच.

हे मी आमच्या काकांना सांगितलं तर म्हणाले, अरे अतिरेकी असतील, तो काळच तसा होता. काळ वाईट होता हे मला मान्य आहे, बसमधनं उतरवून माणसं मारलेली आहेत त्या काळात. पण काका, अतिरेकी होते तर नाव लिहा की रजिस्टरमध्ये, पंचनामा करा, घरच्यांना बोलवा. सीबीआयला काही वर्षांनी 585 जणांचं नाव-गाव सापडू शकतं तर ज्यांनी त्यांना स्मशानात नेलं त्यांना त्या दिवशी का सापडलं नाही? ज्याची आई रोज चौकीबाहेर बसलीय तो बेवारस कसा? काका गप्प बसले, म्हणजे पटलं असं नाही, चहा आला होता.

खालराच्या केसमध्ये 2005 ला सहा पोलिसांना शिक्षा झाली, 2007 मध्ये हायकोर्टानं चौघांची जन्मठेपेपर्यंत वाढवली आणि 2011 ला सुप्रीम कोर्टानं ती कायम केली. सोळा वर्षं. आणि बॉडी त्याचीही मिळालेली नाही, कालव्यात टाकली असं एका साक्षीदारानं सांगितलं.

आपल्याकडं माणूस असा गायब करणं हा वेगळा गुन्हाच नाही. अपहरण, खून, पुरावा नष्ट करणं असं जे बसेल त्या कलमात बसवायचं, आणि वर्दीतल्या माणसावर खटला चालवायला बहुतेक वेळा सरकारचीच परवानगी लागते. याबद्दलच्या युनोच्या करारावर भारतानं 2007 मध्ये सही केलीय, पण नुसती सहीच, पुढची मंजुरी दिलेली नाही. मंजुरी द्यायची म्हणजे कायदा करावा लागेल, आणि त्यात सगळ्यात आधी काय हवं असं मला कुणी विचारलं (विचारणार कोण म्हणा) तर मी म्हणेन, बेवारस किंवा फरार हे शब्द लिहिणाऱ्यावर ते सिद्ध करायची जबाबदारी टाका. आज ती आईवर आहे.

तर आबांचा दाखला शेवटी मिळाला. घरी येऊन बघतो तर दत्तात्रयचं दत्तात्रेय करून ठेवलंय, म्हणजे सातबाऱ्याशी नाव जुळणार नाही. आत्या चिडली, माझं मात्र या वेळी डोकं फिरलं नाही. पावती प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलीय, सोमवारी परत जायचंय.