तिथीवर चालणारा कॅमेरा

आमच्या भाईंचा पणजीत फोटो स्टुडिओ. पोट चालतं लग्नामुंजींवर आणि पासपोर्टच्या फोटोंवर; जीव मात्र मांडवीत अडकलेला. तरुणपणी लागलेला हा नाद केस पिकले तरी सुटलेला नाही.

नदीचा फोटो म्हणजे उजेडाचा खेळ, अशी आपली समजूत. भाई मात्र आधी भिंतीवरचं कालनिर्णय बघतात. "तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ आली." हा दर्यावर्द्यांचा जुना हिशेब. अष्टमीला पाणी भरतं साधारण सहाला, पौर्णिमेला दुपार व्हायच्या सुमारास. म्हणजे पौर्णिमेच्या पहाटे रायबंदरच्या काठाला नुसता चिखल, खेकड्यांची बिळं आणि तिवरांची उघडी पडलेली मुळं. अष्टमीची भरती भांगाची. पाणी फार चढत नाही, पण चिखल झाकतं आणि ओढही बेताची. भरती सरून ओहोटी लागेपर्यंत ते थोडा वेळ थबकतं, तेव्हा समोरचं चोडण बेट अख्खं उलटं दिसतं. फेरीबोट सुटली की मोडलं सगळं. भरती रोज पाऊण तासाने पुढे सरकते, त्यामुळे अष्टमी हुकली की पंधरवडाभर बसा! पावसाळ्यात तर म्हादईतून, म्हणजे मांडवीच्याच वरच्या अंगातून, उतरलेलं लाल पाणी कुठल्याच तिथीला जुमानत नाही.

भाईंच्या निगेटिव्हच्या पाकिटांवर तारीख नसते. 'कार्तिक वद्य अष्टमी, रायबंदर', एवढंच शिसपेन्सिलीने. आपल्या दमट हवेत बुरशी लागू नये म्हणून सगळी घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट. पाकिटं चाळताना बार्जच बार्ज दिसतात: खनिज भरलेली पाण्यात खोल रुतलेली, रिकामी परतणारी उंच आणि डौलदार. 2012 साली खाणी बंद पडल्या आणि पाकिटांतून बार्जही नाहीशा झाल्या. 2019 मध्ये मांडवीवरचा अटल सेतू हा पूल खुला झाला, त्याच्या केबलही भाईंनी मनापासून टिपल्या.

कॅसिनोच्या बोटी मात्र वर्ज्य. हा हट्ट मला पटत नाही. नदीत उभ्या आहेत ना, मग येऊ देत की फोटोत! यावरून आमचं हमखास वाजतं.

"त्यांचं आणि नदीचं काय नातं?" भाई तणतणतात.

"मग पुलाचं तरी काय आहे, भाई?"

यावर ते लेन्स पुसायला घेतात.