तीच ती गाणी

मुंबईतल्या खासगी एफएम केंद्रांवर गेली वीस-बावीस वर्षे एकच आरोप सातत्याने होत आला आहे आणि तो करणारा माणूस बहुधा ती केंद्रे रोज नेमाने ऐकणाराच असतो. आरोप असा, की ही मंडळी तीच ती गाणी दिवसभर का वाजवतात? मीही तो पुष्कळदा केला आहे, आणि तोही डोंबिवलीहून सुटलेल्या फास्ट गाडीत, एका हाताने वरची कडी धरून आणि इअरफोनची वायर शेजारच्याच्या बॅगेत अडकणार नाही याची काळजी घेत. त्या काळी मोबाइलमधल्या रेडिओला ती वायरच अँटेनाचे काम देत असे, त्यामुळे ती जरा गुंडाळली गेली की निवेदकाच्या बोलण्यात खरखर मिसळायची. दिव्यानंतर पारसिकचा बोगदा आला की आवाज पार नाहीसा व्हायचा आणि ठाण्याच्या बाजूला उजेड दिसला की परत यायचा. मधल्या वेळात गाणे बदललेले असे, पण ते सकाळी घरून निघताना ऐकलेले नसेल याची खात्री नसे.

या तक्रारीचे उत्तर संगीतात शोधून सापडत नाही. ते सरकारी परवान्याच्या हिशेबात आहे, असे माझे मत होत गेले आहे.

मुंबईकरांना एफएमची खरी चव लागली ती १९९३ साली, आकाशवाणीने आपल्या एफएम वाहिनीवरचे काही तास खासगी कंपन्यांना भाड्याने दिले तेव्हा. ‘टाइम्स एफएम’ आणि ‘रेडिओ मिड-डे’ ही नावे तेव्हाची. प्रक्षेपक सरकारचा, बोलणारी मंडळी मात्र पगारी तरुण, आणि त्यांची भाषा कॉलेजच्या कट्ट्यावरची, असा तो प्रकार होता. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यांवर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही, असा निकाल दिला. १९९८ मध्ये आकाशवाणीने भाड्याचे तास बंद केले. त्यानंतर सरकारने ४० शहरांतल्या १०८ वारंवारता (फ्रिक्वेन्सी) लिलावात काढल्या, आणि खरी गंमत तिथून सुरू झाली.

लिलावात एकमेकांच्या ईर्षेने बोली इतक्या चढल्या, की मुंबईतल्या एका केंद्राचे वार्षिक शुल्क ९.७५ कोटी रुपयांवर गेले. एवढ्यावर भागले नाही. परवाना दहा वर्षांचा आणि शुल्कात दरवर्षी १५ टक्के वाढ, अशी अट होती. कागद-पेन्सिल घेऊन मांडून पाहिले तर पाचव्या वर्षी हा आकडा १७ कोटींवर आणि दहाव्या वर्षी ३४ कोटींपलीकडे जातो. जाहिराती मिळोत न मिळोत, श्रोते असोत नसोत, पैसे भरायचे. ज्यांनी त्या भरात बोली लावली, त्यांतल्या अनेकांनी पुढे केंद्रे सुरूच केली नाहीत. देशातले पहिले खासगी केंद्र, बेंगळुरूचे ‘रेडिओ सिटी’, ३ जुलै २००१ रोजी सुरू झाले. मुंबईची पाळी २००२ मध्ये आली, आणि मग एकाच वर्षात रेडिओ मिरची, रेडिओ सिटी, गो ९२.५, रेड आणि विन ९४.६ अशी पाच केंद्रे एकाच शहराच्या कानाशी बसली.

आता या पाचांपुढे पर्याय काय होते? बातम्या द्यायला बंदी होती. नाटके, चर्चा, शास्त्रीय संगीत यांना श्रोता आहे, पण साबण आणि मोबाइल विकणाऱ्याला हवा तेवढा नाही. नऊ-दहा कोटी नुसते भरण्यासाठी कमवायचे म्हटल्यावर सगळ्यांत जास्त लोक ज्यावर थांबतात ती एकच वस्तू उरते, ती म्हणजे नव्या हिंदी चित्रपटाचे गाजणारे गाणे. ‘गो’ने काही काळ इंग्रजीकडे कल ठेवून वेगळेपणा जपला, ‘विन’ला मात्र बोजा पेलला नाही आणि पुढचे धोरण यायच्या आतच ते बंद पडले. उरलेले सगळे एकाच रांगेत उभे राहिले. पाच दुकाने आणि पाचांत तोच माल, अशी अवस्था झाली ती कुणाच्या रसिकतेच्या अभावामुळे नव्हे.

अशा केंद्रात गाणे निवडतो कोण, हाही गैरसमजाचा विषय आहे. निवेदक आपल्या मनाने गाणे लावतो अशी आपली समजूत असते, आणि निवेदकही ती मोडत नाहीत. प्रत्यक्षात दिवसाची यादी आदल्या दिवशीच संगणकावर तयार होते. गाण्यांचे गट पाडलेले असतात. सगळ्यांत चालणारी मोजकी गाणी दर दोन-तीन तासांनी फिरून येतात, त्याखालची दिवसातून दोन-चारदा, आणि जुनी अधूनमधून चवीपुरती. एकाच गायकाची दोन गाणी लागोपाठ येऊ नयेत, सकाळी आठला वाजलेले गाणे दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पडू नये, असे नियम यादी करणारी प्रणाली पाळते. श्रोत्यांना फोनवर गाण्याचे काही सेकंदांचे तुकडे ऐकवून ‘कंटाळा आला का?’ असे विचारण्याची पद्धतही आहे. गंमत अशी, की माणूस तक्रार करतो ती पुनरावृत्तीची आणि चॅनेल बदलतो तो अनोळखी गाणे लागल्यावर, हे या धंद्यातल्या लोकांना फार लवकर कळले.

निवेदकाच्या हाती उरते ती ‘लिंक’, म्हणजे दोन गाण्यांमधले बोलणे. खरे कसब तिथे दिसते. गाण्याच्या सुरुवातीचे वाद्यांचे सतरा-अठरा सेकंद चालू असताना बोलत राहायचे आणि गायकाचा पहिला शब्द यायच्या नेमक्या आधी थांबायचे. अर्धा सेकंद आधी थांबले तर पोकळी जाणवते, अर्धा सेकंद उशीर झाला तर गायकाच्या तोंडावर पाय पडतो. हे दिवसातून चाळीसदा बिनचूक करणाऱ्या माणसाला आपण ‘बडबड्या’ म्हणून मोकळे होतो. गाणी सगळीकडे सारखीच असल्यामुळे केंद्राची ओळख या आवाजांवरच ठरत गेली, आणि मुंबईत रेडिओचा निवेदक नावाने ओळखला जाऊ लागला.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मोबाइल मुके झाले, तेव्हा कुठे पाणी तुंबले आहे, कोण कुठे अडकले आहे, हे याच गाणी वाजवणाऱ्या केंद्रांवरून सांगितले जात होते. बातम्या देण्याची परवानगी नसलेल्या माध्यमाने त्या रात्री नेमके काय दिले, याची व्याख्या करायला सुदैवाने कुणी बसले नाही.

त्याच महिन्यात सरकारने नवे धोरण आणले. ठरीव शुल्क गेले आणि उत्पन्नाच्या चार टक्के द्यायचे असा नियम आला. केंद्रांचा जीव भांड्यात पडला आणि नवी केंद्रेही आली. याच सुमारास जुन्या केंद्रांच्या वारंवारतेचे आकडे थोडे हलले. शेजारच्या दोन केंद्रांत ०.८ मेगाहर्ट्झचे अंतर ठेवायचे ठरल्यामुळे ९१.१, ९१.९, ९२.७, ९३.५, ९४.३ अशी पाढ्यासारखी रांग तयार झाली, आणि त्यात न बसणाऱ्या ‘गो ९२.५’ला आकडा आणि नाव दोन्ही बदलून ‘रेडिओ वन ९४.३’ व्हावे लागले. नावातच आकडा घालणाऱ्यांनी हा धोका लक्षात घ्यायला हवा होता.

ओझे हलके झाले म्हणजे गाण्यांत वैविध्य येईल, ही माझी आशा होती. ती फारशी फळली नाही, कारण तोवर सवय पडली होती, श्रोत्यांना आणि केंद्रांनाही. याचा सगळ्यांत बोचरा फटका मराठी गाण्याला बसला. संगीतकार कौशल इनामदार यांनी अनेकदा सांगितले आहे, की मुंबईतल्या एका केंद्रावर मराठी गाणी का लावत नाहीत असे विचारल्यावर, त्याने केंद्राला ‘डाउनमार्केट’ कळा येते, असे उत्तर त्यांना मिळाले. त्या रागातून त्यांनी सुरेश भटांच्या कवितेला चाल लावली आणि शंभराहून अधिक गायकांना एकत्र आणून २०१० मध्ये ‘मराठी अभिमानगीत’ उभे केले. महाराष्ट्राच्या राजधानीत हे गाणे एका उत्तराला उत्तर म्हणून जन्मावे, याची लाज केंद्रांना किती वाटली कुणास ठाऊक. मला मात्र वाटली, कारण मी इतकी वर्षे तीच केंद्रे ऐकत होतो आणि एकदाही मराठी गाण्याची फर्माईश केली नव्हती.

पुढे २०१६ मध्ये ‘सैराट’ आला आणि ‘झिंगाट’ त्याच हिंदी केंद्रांवर मी दिवसातून इतक्यांदा ऐकले, की शेवटी मीच चॅनेल बदलला. दुसऱ्या वर्षी रेड एफएमची निवेदिका मलिष्का हिने ‘सोनू’ या मराठी गाण्याच्या चालीवर खड्ड्यांवरून महापालिकेला टोले लगावले, ते शहरभर गाजले, आणि पाठोपाठ पालिकेने तिच्या घरी डासांच्या अळ्या सापडल्याची नोटीस बजावली. मराठी गाण्याने केंद्राला कसली कळा येते, हा प्रश्न त्या आठवड्यात कुणी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. ‘झिंगाट’ मात्र अजूनही वाजते, आणि आता लोक त्याबद्दलही म्हणतात, तेच ते किती लावतात.